स्वरजोडणीचा करार

सन २०१७ च्या पावसाळ्यात सुरतेतील आमच्या लहानशा संगीतमंडळाने आपल्या एका ज्येष्ठ भगिनींच्या गायनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे ठरविले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढचे होते. आवाज थकला होता, पण सूर जागचा हलला नव्हता. ध्वनिमुद्रणगृहाचे जिने चढणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून मंडळातील एक तरुण अभियंता आपला टॅब्लेट घेऊन त्यांच्या घरी गेला. त्या टॅब्लेटमध्ये एका ॲपमधून तानपुरा वाजत होता, दुसऱ्यातून तबला, आणि तिसऱ्यात गायन मुद्रित होत होते. तिन्ही ॲप्सचे कर्ते निरनिराळे, बहुधा एकमेकांस न ओळखणारे; तरीही ती एकमेकांशी जोडलेली होती. बाईंच्या कानांवर श्रवणयंत्र चढवून तीन बैठकांत अकरा पदे मुद्रित झाली. आम्ही सारे चकित झालो होतो.

अकरांपैकी सात पदे त्याच महिन्यात पूर्ण करून सर्वांना वाटली. चार 'सवडीने करू' म्हणून राहिली. पुढे बाई गेल्या. २०२१ साली आम्ही ती चार पदे उघडावयास सांगितले, तेव्हा आढळले की त्यांचा आवाज तेवढा शिल्लक आहे. तानपुरा व तबला हे ध्वनी म्हणून साठविलेच नव्हते. नंतर त्यांची पातळी कमीजास्त करता यावी म्हणून केवळ जोडणी ठेवली होती. मधल्या काळात एका ॲपच्या कर्त्याने नव्या आवृत्तीतून ती जोडणी काढून टाकली होती आणि दुसरे ॲप दुकानातून नाहीसेच झाले होते. आवाज होता, पण त्याच्या खालची जमीन नव्हती.

दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न आम्ही तेव्हा पुष्कळ चघळला. अभियंत्याला बोल लावणे सोपे होते, आणि काहींनी तो लावलाही. आम्हांला मात्र ही जोडणी म्हणजे नेमके काय, ती कोणी निर्माण केली आणि कोणाच्या आज्ञेने मोडली, हे समजून घ्यावेसे वाटले. आयुष्य महसुली दप्तरात गेलेल्या माणसाची ही खोडच म्हणावी. कागद हरवला की प्रथम नोंदवही मागावी, माणूस नंतर.

'प्लगइन' या शब्दाने वाचकांनी बिचकू नये. सुरतेच्या माणसाला तर तो समजावून सांगण्याची गरजही पडू नये. येथील जरीच्या आणि साड्यांच्या मागांवर जेकार्डचे यंत्र बसविलेले असते. फ्रान्सच्या ल्यों शहरातील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ते सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर चढविली की माग ती नक्षी विणतो. माळ बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो. विणणारा एक, पुठ्ठे कापणारा दुसरा. आता सुरतेत पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे. पण तत्त्व तेच आहे. यजमान यंत्र एक, त्यात येऊन बसणारे पाहुणे अनेक. मात्र अट एकच: पुठ्ठ्यावरील भोकांचे अंतर आणि यंत्रातील सुयांचे अंतर जुळले पाहिजे. एका घडणीच्या यंत्रासाठी कापलेली माळ दुसऱ्या घडणीच्या यंत्राला निरुपयोगी ठरते.

ध्वनीच्या क्षेत्रात हे 'भोकांचे अंतर' म्हणजे काय? डिजिटल ध्वनी हा आकड्यांचा प्रवाह असतो. सर्वसाधारण मुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. यजमान कार्यक्रम पाहुण्याला ठरावीक काळाने सांगतो, 'पुढचे २५६ नमुने दे', आणि पाहुण्याने ते सहा मिलिसेकंदांहूनही कमी वेळात तयार करून हाती द्यावयाचे असतात. उशीर झाला की ध्वनीत खटका पडतो. एकूण विलंब दहा-बारा मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की वादकाला आपलाच हात जड वाटू लागतो. तेव्हा मागणी कशी करावयाची, आकडे कोणत्या रूपात द्यावयाचे, स्वराची पट्टी आणि लय कोणी कोणाला कळवावयाची, काम संपल्यावर पाहुण्याची मांडणी कोणी जपून ठेवावयाची, हे सारे आधी ठरलेले असावे लागते. हे ठरविणे म्हणजेच सामाईक व्यवस्था. त्यात कौशल्य लागते हे खरे, पण कौशल्याहून अधिक लागते ती संमती.

आमच्या खात्यातील उदाहरण द्यावयाचे तर गाव नमुना सात-बाराचे देता येईल. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. भाषा, सचिवालय, शिक्के सारे वेगळे झाले. पण सात-बारा महाराष्ट्रातही सात-बारा राहिला आणि गुजरातेतही. नंदुरबारकडचा शेतकरी सुरत जिल्ह्यात जमिनीची चौकशी करावयास आला, तर भाषा अडते, पण कोणता कागद मागावा हे त्याला ठाऊक असते. नमुना एकदा सर्वांचा झाला की तो त्याच्या कर्त्याहून अधिक जगतो.

संगीतयंत्रांच्या जगात असा पहिला मोठा करार १९८३ साली झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखानदाराची विद्युत् वाद्ये आपापल्याच भाषेत बोलत. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेतला. १९८१ मध्ये स्मिथ यांनी अभियंत्यांच्या परिषदेत एक सामाईक जोडणी सुचविली. जानेवारी १९८३ मध्ये एका व्यापारी मेळ्यात एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला पाच टाचण्यांच्या साध्या तारेने जोडून वाजवून दाखविण्यात आले. हीच 'मिडी'. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखानदारांनी ती वापरण्यासाठी कोणाकडून शुल्क न घेण्याचे ठरविले. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, स्मिथ व काकेहाशी यांना या कामाबद्दल तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत, पण १९८३ सालचे वाद्य आजच्या संगणकाशी जोडले तर ते वाजते.

मिडीतून ध्वनी जात नाही, आज्ञा जाते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, इतकेच. आणि पट्ट्या मोजलेल्या: शून्यापासून १२७ पर्यंत. बारा स्वरांच्या पेटीवर वाढलेल्या माणसांनी केलेला हा करार. मींड घ्यावयाची तर स्वर वाकविण्याची सोय होती, पण ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच वाकवी. आपले गाणे त्या तारेतून पूर्ण कधीच गेले नाही. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची मान्य रीत २०१८ मध्ये आली, आणि मिडीची दुसरी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये.

या प्रसंगी आम्हांला आमच्यासारख्याच एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची आठवण होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले आणि बावीस श्रुतींच्या मापनाला लागले. गायकांचे प्रत्यक्ष स्वर मोजून त्यांनी १९१० मध्ये आपला इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे साह्य त्यांना लाभले होते. मुलकी सेवेतील ई. क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांचे सहकारी झाले आणि त्या मापांवर श्रुतींची पेटी बनविण्यात आली. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींचा वाद तेथेही निघाला. पंडित भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या विद्वानांना ती मापे पटली नाहीत. पेटी मागे पडली, बारा पट्ट्यांची हार्मोनियमच घराघरांत गेली. देवलांचे गणित बरोबर होते की चूक, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांला एवढेच दिसते की पेटी तयार होती, पण ती मान्य करणारी सभा नव्हती. बडोदे येथून आगगाडीने दोन-अडीच तासांवर आहे. त्या वादाचे पडसाद सुरतेतील दक्षिणी घरांतून बरीच वर्षे ऐकू येत असत, असे आमचे वडील सांगत.

मूळ विषयाकडे वळतो. संगणकावर प्रत्यक्ष ध्वनीची देवघेव करणारी जोडणी १९९६ मध्ये हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने आणली. 'व्हीएसटी' या नावाने ती ओळखली जाते. कंपनीने तिचा तपशील इतरांना खुला केला, त्यामुळे कोणीही लहान कारागीर घरी बसून पाहुणा तयार करू शकला. १९९९ मध्ये त्यात वाद्येही बसू लागली. भारतीय वाद्यांचे संच या रूपात निघाले ते त्यानंतरच. परंतु खुला तपशील आणि सर्वांचा तपशील यांत फरक आहे. २०१८ च्या ऑक्टोबरनंतर स्टाइनबर्गने दुसऱ्या आवृत्तीसाठी नवे परवाने देणे बंद केले. ज्यांच्यापाशी परवाना होता ते तरले. नव्यांना दार बंद. ॲपलने मॅकसाठी आपली वेगळी जोडणी केली, लिनक्सच्या मंडळींनी २००० मध्ये आपली साधी, निःशुल्क जोडणी केली. २०२२ मध्ये जर्मनीतील दोन लहान कंपन्यांनी 'क्लॅप' नावाचा नवा करार मांडला, तोही कोणाच्याही परवान्याविना वापरता येईल असा. एकेका घराच्या मक्त्याला कंटाळूनच माणसे पुन्हा १९८३ च्या रीतीकडे वळली, असा आम्ही याचा अर्थ लावतो.

फोनची गोष्ट निराळी. तेथे अडचण कराराच्या आधीच सुरू होते. संगणकावर एक कार्यक्रम दुसऱ्याला आपल्या घरात बोलावू शकतो. फोनमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र बंद खोलीत राहते. शेजाऱ्याच्या खोलीत डोकावता येऊ नये, म्हणजे चोरी होणार नाही, अशी ती रचना आहे. ती योग्यच आहे. पण तानपुरा एका खोलीत आणि गायक दुसऱ्या खोलीत कोंडला की गाणे कसे व्हावे? २००८ च्या जुलैमध्ये ॲपलचे ॲप-दुकान उघडले, तेव्हापासून वाद्यांची ॲप्स येऊ लागली. पण २०१० पर्यंत एक उघडले की दुसरे गप्प होत असे. लोक एका ॲपमधील ध्वनीची नक्कल काढून दुसऱ्यात चिकटवीत, पत्रावळी एकेक पान जोडून करावी तसे.

या भिंतीला पहिले खरे दार डिसेंबर २०१२ मध्ये पडले, आणि ते फोन बनविणाऱ्या कंपनीने पाडले नव्हते. मायकेल टायसन हे ऑस्ट्रेलियन कारागीर आणि त्यांचे सहकारी सेबास्टियन डिटमान यांनी 'ऑडिओबस' प्रसिद्ध केले. पडद्यावर तीन चौकटी: पहिल्यात ध्वनी निर्माण करणारे ॲप, मधल्यात त्यावर संस्कार करणारे, शेवटच्यात मुद्रण करणारे. आत काय चालते हे वापरणाऱ्याला कळण्याची गरज नव्हती. कर्त्यांना मात्र आपल्या ॲपमध्ये ऑडिओबसचा एक भाग बसवावा लागे. तो त्यांना विनामूल्य मिळे. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे शेकडो लहान कारागीर या जोडणीत सामील झाले, आणि २०१३ मध्ये खुद्द ॲपलचे 'गॅरेजबँड'ही त्यात आले. राजाने प्रजेच्या पंक्तीला बसावे असा तो प्रकार.

पण राजा पंक्तीत फार काळ बसत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये फोनच्या सातव्या आवृत्तीबरोबर ॲपलने स्वतःचीच ॲपांतर्गत ध्वनिजोडणी आणली. पुढे ऑडिओबसलाही आपली आतील वाहतूक याच सरकारी रस्त्यावरून न्यावी लागली. रस्ता पक्का होता, पण अपुरा. पाहुण्याचे संपूर्ण ॲप उघडावे लागे, एकच पाहुणा एका वेळी दोनदा बोलावता येत नसे, आणि महत्त्वाचे म्हणजे पाहुण्याची मांडणी यजमान जपून ठेवीत नसे. तानपुरा कोणत्या पट्टीत लावला, तबल्याचा ठेका कोणता, लय किती, हे पाहुण्याच्या खोलीत राही. यजमानाच्या वहीत त्याची नोंद नसे. बाईंच्या चार पदांचे काय झाले, ते आम्हांला येथे उमगले. नोंद दुसऱ्याच्या दप्तरी होती आणि ते दप्तर गेले.

२०१५ मध्ये नवव्या आवृत्तीबरोबर अधिक चांगली व्यवस्था आली. तीत पाहुणा यजमानाच्याच खिडकीत उघडतो, कितीही वेळा बोलावता येतो आणि त्याची मांडणी यजमानाच्या फाइलीतच साठते. मॅकवरील जुन्या जोडणीचीच ती तिसरी आवृत्ती. म्हणून संगणकावरचे काम फोनवर आणणे सोपे झाले. नवी आल्यावर जुनीचे दिवस भरले. २०१९ मध्ये, तेराव्या आवृत्तीत, ॲपलने २०१३ ची जोडणी कालबाह्य म्हणून घोषित केली. सहा वर्षे. सूचना रीतसर दिलेली होती. पण ती कर्त्यांना होती. ज्यांच्या घरी गाणे पडून होते त्यांना कोण नोटीस बजावणार? आमच्या खात्यात सातबारावरील नोंद बदलावयाची तर हितसंबंधी इसमास नोटीस द्यावी लागे, आणि ती पोहोचल्याची सही घ्यावी लागे. त्या कारकुनी कटकटीचा आम्ही नोकरीत फार त्रागा केला. आता तसा करवत नाही.

अँड्रॉइडचा प्रवास अधिक खडतर आहे, आणि आपल्या देशातील बहुतेक हातांत अँड्रॉइडच आहे. त्यावर सुरुवातीच्या काळात पडद्याला बोट लावणे आणि स्वर निघणे यांतच इतका विलंब असे की वाजविणे अशक्यप्राय होते. २०१२ पासून तो कमी होऊ लागला. २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर ध्वनीसाठी नवी, जलद वाट मिळाली. सामाईक जोडणीचे प्रयत्नही झाले. २०१३ मध्ये गूगलमधील पीटर ब्रिंकमान यांनी 'पॅचफील्ड' नावाचा प्रयोग खुला केला. त्यात निरनिराळी ॲप्स स्मृतीचा एक सामाईक तुकडा वापरून ध्वनीची देवघेव करीत, म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये एक कोनाडा ठेवावा तसे. सॅमसंगने लिनक्सवरील 'जॅक' या जुन्या व्यवस्थेच्या पायावर आपल्या फोनांपुरती जोडणी केली. दोन्ही प्रयत्न सार्वत्रिक झाले नाहीत. अलीकडच्या वर्षांत अत्सुशी एनो हे जपानी कारागीर अँड्रॉइडसाठी खुली प्लगइन व्यवस्था उभी करीत आले आहेत. तीत प्रत्येक पाहुणा आपल्याच खोलीत राहतो आणि सामाईक स्मृतीच्या कोनाड्यातून यजमानाला ध्वनी देतो. काम कठीण आहे, आणि तंत्र हा त्यातला लहान भाग असावा अशी आमची समजूत आहे. शंभर कर्त्यांनी 'आम्ही याच भोकांच्या अंतराने पुठ्ठे कापू' असे म्हणेपर्यंत उत्तम यंत्रही देवलांच्या पेटीसारखे प्रदर्शनात राहते.

येथे कोणी म्हणेल की इतकी यातायात कशाला? बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये विजेवरील तानपुरा बनविला. ती पेटी कोणाशीही जोडावी लागत नाही, कोणाची आवृत्ती बदलल्याने बंद पडत नाही, खुंट्या फिरविल्या की बोलते. आमच्या मंडळाकडे तशी एक जुनी पेटी आहे आणि ती अजून चालते. हे म्हणणे अगदी खरे आहे. पण त्या पेटीने बाईंच्या घरी तीन बैठकांत अकरा पदे मुद्रित झाली नसती. लिंबायतच्या एका खोलीत राहणाऱ्या, दिवसा मागावर काम करणाऱ्या आमच्या खानदेशी तबलजीला ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे परवडत नाही. त्याच्या खिशातील फोन हेच त्याचे मुद्रणगृह. त्यात चार वाद्ये एकत्र नांदली तर त्याचा फायदा आहे. म्हणून जोडणी हवी, आणि ती मोडणार नाही याची हमीही हवी.

असो. त्या चार पदांविषयी सांगावयाचे राहिले. गेल्या वर्षी आम्ही ती पुन्हा हाती घेतली. प्रथम बाईंचा षड्ज शोधला. तो काळी चारच्या किंचित खाली निघाला. त्या दिवशी पावसाळी हवेत टॅब्लेटमधला तानपुरा त्यांनीच थोडा उतरवून घेतला होता, हे तिथे बसलेल्या एका भगिनीला आठवले. जुन्या पेटीच्या खुंट्या त्या अर्ध्या बोटाने उतरविल्या. तबलजीने श्रवणयंत्र लावून नुसता आवाज चार रात्री ऐकला आणि बाई श्वास कोठे घेतात त्यावरून सम शोधली. दोन पदे झपतालात निघाली, एक त्रितालात; ती तिन्ही वाजवून ध्वनी म्हणूनच, दोन ठिकाणी, साठविली आहेत. चौथे अजून तसेच आहे. त्यातील समेची जागा दर आवर्तनाला थोडी सरकते, आणि तबलजी म्हणतो की चूक बाईंची नसावी, त्या दिवशी ॲपच मागे पडत असावे. आम्ही त्याला आणखी एकदा ऐकावयास सांगितले आहे.